वेनो5 वापरलं तर शॉकसुद्धा पाचव्या ऑर्डरने मिळतो का?

तुम्ही सॉडच्या शॉक ट्यूबवर (नळीतला मधला पडदा काढताच जास्त दाबाचा वायू कमी दाबाच्या वायूत घुसतो, ते नेहमीचं चाचणी-उदाहरण) लॅक्स–वेंड्रॉफ ही दुसऱ्या ऑर्डरची पद्धत चालवलीत, शॉकच्या (दाब आणि घनतेतल्या अचानक उडीच्या) मागे घनतेच्या आलेखाला शिंगं, म्हणजे खोटे चढउतार, फुटली आणि जाळीचे 100 चे 800 तुकडे, म्हणजे सेल, केले तरी ती जाईनात. आता वेनो5 (WENO, पाचव्या ऑर्डरची पद्धत) ने शॉकही पाचव्या ऑर्डरने, म्हणजे सेल दुप्पट केले की चूक 32 पट कमी, असा मिळेल का, असं विचारताय.

नाही मिळणार. शॉक असलेल्या उत्तरात सेल दुप्पट केले की एकूण चूक फार तर निम्मी होते, पद्धत कितव्याही ऑर्डरची असो.

तुमचा कोड मात्र बहुधा बरोबरच आहे. जाळी बारीक केली की शिंगं अरुंद होतात, उंची तेवढीच राहते. गोदुनोव्हने 1959 मध्येच दाखवलं होतं की नवे चढउतार न आणणारी लिनियर (उत्तर काहीही असो, तेच सहगुणक वापरणारी) पद्धत पहिल्या ऑर्डरच्या वर जात नाही. पळवाट ‘लिनियर’ या शब्दातच आहे: सहगुणक उत्तर बघून बदलू द्यायचे. जियांग आणि शू यांच्या 1996 च्या वेनोत तीन-तीन सेलचे तीन गट असतात, आणि त्यांच्या अंदाजांची वजनं लावून सरासरी घेतात. उत्तर गुळगुळीत असेल तिथे त्यांची वजनं 1/10, 6/10, 3/10 च्या जवळ येतात आणि पाचवी ऑर्डर मिळते. ज्या गटात शॉक सापडला, त्याचं वजन जवळपास शून्य. म्हणजे शॉकपाशी पद्धत आपणहून ऑर्डर सोडून देते, आणि तेच आपल्याला हवं असतं.

मग एवढा खटाटोप कशाला? शू–ओशरचं उदाहरण चालवून बघा: माख 3 चा शॉक घनतेच्या साइन लाटांवर जाऊन आदळतो. त्याच जाळीवर दुसऱ्या ऑर्डरची लिमिटरवाली (उतारांना आवर घालून शिंगं टाळणारी) पद्धत शॉकमागच्या बारीक लाटा सपाट करून टाकते, वेनो त्या बऱ्यापैकी टिकवतं. नुसत्या सॉडसाठी वेनो म्हणजे हौस. तिथे व्हॅन लीअर लिमिटर पुरतो.

एक ठेच मी खाल्लीय. पहिल्यांदा लिहिताना घनता, वेग, दाब हेच चल घेऊन समीकरणं सोडवली. आलेख देखणा, एक शिंग नाही, पण शॉक भलतीकडेच! पडदा 0.5 वर असेल तर t = 0.2 ला तो 0.85 वर यायला हवा. दोन दिवस वजनांची सूत्रं तपासत बसलो. चूक वजनांत नव्हतीच. वस्तुमान, संवेग, ऊर्जा यांचा फ्लक्स (प्रवाह) एका सेलमधून जेवढा गेला तेवढाच शेजारच्यात जमा व्हावा लागतो, आणि तो हिशेबच मी ठेवला नव्हता.

वेळेत पुढे जाण्यासाठी शू–ओशरची तीन टप्प्यांची रुंगे–कुट्टा पद्धत घ्या. त्यानंतरही बारीक थरथर उरली, तर वेनो थेट चलांवर न लावता कॅरेक्टरिस्टिक चलांवर (एकेका लाटेनुसार वेगळ्या केलेल्या चलांवर) लावा.