रिकाम्या वेळात नागपुरात काय करावं, म्हणजे खर्रा सुटेल?

पदवी होऊन वर्ष झालं, नोकरी नाही, दिवस मोबाईलवर जातो आणि संध्याकाळी मित्रांसोबत पानठेल्यावर खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेलं मिश्रण, सुरू झालाय, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, मी यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिंगण्याच्या एमआयडीसीतलं माझं काम सुटलं तेव्हा मी आठ महिने घरी होतो. 'स्वतःला गुंतवून ठेव,' असं जो तो सांगायचा. मी वहीत पहाटेपासून रात्रीपर्यंतचं वेळापत्रक आखलं, ते चौथ्या दिवशी मोडलं. दिवसाचे सगळे तास सारखे अवघड नसतात, हे नंतर ध्यानात आलं. सकाळ घरच्या कामात जायची, दुपार झोपेत. घात व्हायचा संध्याकाळी सहा ते आठमध्ये. ऊन उतरलं की पाय आपोआप ठेल्याकडे वळायचे. मला तिथे माणसं हवी असायची, गप्पा हव्या असायच्या. पण पन्नीत खर्रा घोटला गेला की चिमूटभर माझ्या हातावर यायचाच.

म्हणून आधी तुमचा तो तास शोधा, आणि नेमक्या त्या वेळी दुसरीकडे कुणीतरी तुमची वाट पाहत असेल अशी सोय करा. माझ्या बाबतीत तो शेजारचा सहावीतला मुलगा होता. त्याचं गणित कच्चं होतं, त्याच्या आईनं सहज विचारलं आणि मी रोज सहाला त्यांच्याकडे जायला लागलो. तोंडात खर्रा धरून पोराला अपूर्णांक शिकवता येत नाहीत. एक दिवस गेलो नाही, तर तो दारात येऊन उभा राहिला. एकट्यानं आखलेलं वेळापत्रक मोडणं सोपं होतं, त्या पोराला परत पाठवणं जमलं नाही. तुमच्यासाठी ते मैदानावरचं व्हॉलीबॉल असेल, आजोबांना फिरायला नेणं असेल. ठेल्यावरच्या मित्रांना सोडू नका, पण त्यांना फुटाळा तलावावर चालायला बोलवा. जे येतील ते येतील.

दुपारचं म्हणाल, तर मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत बाहेर कुठे जाणार? वाचनालयात बसा. एखादी दुपार अजब बंगल्यात काढा. १८६३ साली सुरू झालेलं ते संग्रहालय आपण शाळेच्या सहलीत पळत पळत पाहिलेलं असतं. एक दालन निवडून तिथेच तासभर थांबा, जुनी शस्त्रं, मूर्ती, शिलालेख नीट बघा. मोबाईल मी रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवायचो, उशाशी नाही. तेवढ्यानंही बराच फरक पडला.

तलफ येईलच. ती जोरात येते, पण काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हात आणि तोंड कामात पाहिजे. हंगामात मी एक संत्रा घ्यायचो. साल काढून, शिरा काढून, एकेक फोड सावकाश खाईपर्यंत ती वेळ टळायची. एरवी भाजलेली जवस किंवा बडीशेप. तंबाखू सोडून नुसत्या सुपारीवर मात्र येऊ नका, बरेच जण इथेच फसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरवलंय, आणि तोंड आखडत जाण्याचं मुख्य कारणही सुपारीच आहे.

पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप नीट लागणार नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. बोलावंसं वाटलं तर तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६.

आणि आज आरशासमोर तोंड पूर्ण उघडून तुमची तीन बोटं एकावर एक आत जातात का, ते बघा. जात नसतील, किंवा तिखट लागताच तोंडात आग होत असेल, तर उद्याच मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवून या. सोबत कुणाला तरी न्या.