सहकारी निष्ठेवर सतत शंका घेत असतील, तर मुस्लिम सैनिकाने मन कसे सावरावे?

आपण लिहिले आहे की अमेरिकी लष्करातील आपल्या मुस्लिम मित्राला तुकडीतले सहकारी ‘तू नक्की कोणाच्या बाजूचा?’ असे विचारून हसतात, तो ‘थट्टा आहे’ म्हणत विषय टाळतो, आणि तरीही काही महिन्यांपासून अबोल झाला आहे. त्याने मन घट्ट कसे करावे, असा आपला प्रश्न आहे. समुपदेशनाच्या कामात अशी घुसमट मी जवळून पाहिली आहे, म्हणून आधी हे सांगते की त्याचे मन कच्चे असल्यामुळे हे घडत नाही.

शेजारचा पहाऱ्यावर जागा आहे, या भरवशावर सैनिक झोपतो. इतरांना हा भरवसा गणवेशाबरोबर मिळतो. आपल्या मित्राला तो रोज कमवावा लागतो, आणि कुठे दूरवर एखादा हल्ला झाला की सगळी कमाई पुसली जाते. 2009 मध्ये फोर्ट हूड तळावर एका मुस्लिम लष्करी मनोविकारतज्ज्ञाने 13 जणांचा जीव घेतला, तेव्हा त्या हल्ल्याचा राग इतर मुस्लिम सैनिकांवर निघेल, अशी काळजी लष्करप्रमुख जनरल जॉर्ज केसी यांना जाहीरपणे बोलून दाखवावी लागली. हुद्द्यानेही संरक्षण मिळतेच असे नाही. ग्वांतानामो येथील अमेरिकी लष्करी तुरुंगात मुस्लिम धर्मगुरू असलेले कॅप्टन जेम्स यी यांना 2003 मध्ये हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली आणि 76 दिवस एकांतवासात ठेवले गेले; पुढच्या वर्षी त्यांच्यावरील फौजदारी आरोप मागे घेण्यात आले.

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी दाखवून दिले की जिवावरच्या प्रसंगी अधिकारपदावरील माणसाने न्यायाशी द्रोह केला, तर त्याची जखम मनात खोल राहते. म्हणूनच माझ्या मते सहकाऱ्याच्या टोमण्याहून तो ऐकून गप्प बसलेला वरिष्ठ अधिक इजा करतो. अमेरिकेतील पॅरिस आयलंडवरील मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण केंद्रात तर एका प्रशिक्षकानेच मुस्लिम प्रशिक्षणार्थींना ‘दहशतवादी’ म्हणून छळले आणि त्यांतल्या एकाला कपडे वाळवण्याच्या यंत्रात कोंडून यंत्र चालू केले. 2017 मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला 10 वर्षांची शिक्षा दिली.

तक्रार केली की ‘थट्टाही सोसत नाही’ असा शिक्का बसेल आणि बढती अडेल, ही आपल्या मित्राची भीती असणार, आणि ती निराधार नाही. त्यामुळे सुरुवात लष्करात नेमलेल्या धर्मगुरूपासून करावी. अमेरिकी लष्करात त्यांच्याशी केलेले खासगी बोलणे पूर्ण गोपनीय राहते, तर लष्करी डॉक्टरला काही परिस्थितीत कमांडरला कळवावे लागते. धर्मगुरू मुस्लिमच असले पाहिजेत असे नाही. प्रत्येक प्रसंगाची तारीख, शब्द आणि हजर असलेल्यांची नावे त्याने लिहून ठेवावीत. भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या लष्कराच्या समान संधी विभागाकडे जायचे ठरलेच, तर ही नोंद उपयोगी पडेल, आणि तोवर ‘मीच जास्त मनाला लावून घेतो’ या शंकेलाही उत्तर मिळेल. तो जगण्याला कंटाळल्याचे बोलला, तर मात्र वाट पाहू नका. 988 हा क्रमांक फिरवून 1 दाबला की सैनिकांसाठीची मदतवाहिनी लागते.

आपण स्वतः त्याला ‘दुर्लक्ष कर’ असे सांगू नका, ते तो रोजच करत आहे. त्या दिवशी नेमके कोण काय म्हणाले, हे विचारा, आणि तो सांगत असताना सहकाऱ्यांची बाजू समजावून सांगायला जाऊ नका.