जुने एचओ डिझेल इंजिन डीसीसीवर आणता येईल का?

बोटीवर नोकरीला असलेल्या मामांनी 1980 च्या दशकात आणलेले ॲथर्न या अमेरिकी कंपनीचे एचओ (1:87 प्रमाणातल्या मॉडेल रेल्वेचे) डिझेल इंजिन तुमच्या देवगडच्या घरी आहे, ते साध्या डीसी कंट्रोलरवर अडखळत चालते, आणि डीकोडर (आदेश समजून मोटार चालवणारे छोटे सर्किट) बसवल्यावर ते डीसीसीवर, म्हणजे रुळातून डिजिटल आदेश पाठवणाऱ्या पद्धतीवर, नीट चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. चालेल, मात्र डीकोडर विकत घेण्याआधी ते डीसीवर न अडखळता चालले पाहिजे. डीसीवर क्षणभर संपर्क तुटला तर इंजिन फक्त हिसका देते, पण डीसीसीमध्ये त्याच क्षणी डीकोडरची वीज जाते आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत गाडी थांबते. म्हणून जुना दोष डीकोडरने झाकला जात नाही, उलट अधिक ठळक होतो.

मी रत्नागिरीत राहतो. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत चाकांची आतली बाजू, बोगीतल्या पितळी पट्ट्या आणि त्या जिथे एकमेकींना टेकतात त्या जागा काळ्या किंवा हिरवट पडतात. बोगी उघडून हे सर्व भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, मोटारचा कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो फिरता भाग) स्वच्छ करावा, वाळलेले ग्रीस काढून बेअरिंगला तेलाचा अगदी लहान थेंब द्यावा. ॲथर्नच्या या जुन्या इंजिनांत एका बाजूची वीज मोटारच्या वरून जाणाऱ्या धातूच्या लांब पट्टीतून येते आणि ती पट्टी नुसती टेकलेली असते. तिच्या जागी लवचीक वायर सोल्डर केल्यास अडखळण्याचा मोठा भाग तिथेच संपतो. सोल्डरिंगसाठी रोझिन फ्लक्सच वापरावा, कारण आम्लयुक्त पेस्ट मागे राहिली तर दमट हवेत ती वायर खाऊन टाकते.

यानंतर मोटार किती करंट घेते ते मोजावे. 12 व्होल्ट डीसी देऊन, मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून, फ्लायव्हील (मोटारच्या दांड्यावरचे जड चाक) बोटांनी क्षणभर घट्ट धरावे. अडवलेल्या मोटारचा जो आकडा दिसेल तो डीकोडरच्या क्षमतेपेक्षा कमी असायला हवा. एचओचे बरेच डीकोडर सलग 1 अँपिअरच्या आसपास पेलतात, आणि जुन्या मोटारचे चुंबक क्षीण झाले असतील तर ती त्याहून जास्त ओढू शकते. तसे असल्यास मोटार बदलणेच योग्य.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, आणि माझ्या मते सगळी रूपांतरे इथेच साधतात किंवा बिघडतात. तुमच्या इंजिनात मोटारच्या खालच्या ब्रशची क्लिप सरळ धातूच्या चॅसीला टेकते, म्हणजे एक रूळ चॅसीमार्फत थेट मोटारशी जोडलेला आहे. मोटार बाहेर काढून उलटी केली की त्या क्लिपचे खाली वळलेले दोन बारीक काटे दिसतील. ते सपाट करावेत, क्लिपला वायर सोल्डर करावी आणि मोटारखाली चॅसीवर कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी, उष्णता सोसणारी टेप) लावावी. मोटार परत बसवल्यावर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून प्रत्येक ब्रश आणि चॅसी, तसेच प्रत्येक ब्रश आणि प्रत्येक बाजूची चाके तपासावीत. एकदाही बीप वाजता कामा नये. वाजत असेल तर डीकोडर जोडूच नये, कारण रुळावरची वीज मोटारच्या वायरमधून आत शिरली की तो जळतो.

डीकोडरच्या वायरचे रंग एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या मानकाप्रमाणे ठरलेले आहेत. लाल उजव्या रुळाकडे, काळी डाव्या रुळाकडे, नारिंगी पूर्वी उजव्या रुळाशी जोडलेल्या ब्रशला आणि करडी दुसऱ्या ब्रशला. निळी ही दिव्यांची सामाईक धन वायर, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या. जुन्या बल्बची धातूची पकड चॅसीला टेकलेली असते, म्हणून तो काढून एलईडी लावावा आणि त्याच्यासोबत सुमारे 1 किलोओहमचा रोध जोडावा. तो विसरल्यास एलईडी लगेच जातो.

पहिली चाचणी प्रोग्रामिंग ट्रॅकवरच (डीकोडरची सेटिंग वाचण्या-बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) घ्यावी. तिथे करंट मर्यादित असल्याने जोडणी चुकली असली तरी डीकोडर बहुधा वाचतो. नव्या डीकोडरचा पत्ता, म्हणजे कंट्रोलर ज्याने इंजिन ओळखतो तो क्रमांक, 3 असतो. तो वाचता आला तर इंजिन मुख्य रुळावर न्यावे, सीव्ही (डीकोडरमधली बदलता येणारी सेटिंग) 2 मध्ये सुरुवातीचा व्होल्टेज आणि सीव्ही 3 व 4 मध्ये वेग वाढण्या-घटण्याचा संथपणा बसवावा. काही कंट्रोलर पत्ता 0 वर डीकोडर नसलेले इंजिनही चालवतात, पण त्या मोहात पडू नये, कारण उभ्या इंजिनाची मोटार गुणगुणत राहते आणि तापते.

तुमच्या इंजिनाच्या कवचात मोटारच्या वर मोकळी जागा आहे, तेव्हा कीप-अलाइव्ह कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) जोडता येणारा डीकोडर घ्यावा. आपल्या हवेत रूळ लवकर काळवंडतात, म्हणून क्षणभर वीज नसतानाही गाडी त्याच्या जोरावर पुढे सरकते, हा फायदा इथे खूप मोठा आहे. काम दसऱ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत करावे आणि पावसाळ्यात इंजिन सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावे.