जुन्या पिकअपला नवं इंजिन बसवलं, आता पासिंगचं काय?

प्रश्न (थोडक्यात): माझी २००९ ची डिझेल पिकअप आहे, पिवळ्या नंबरप्लेटची. मूळ इंजिन निकामी झालं. मेकॅनिकने त्याच कंपनीच्या २०१९ च्या अपघातग्रस्त गाडीचं कॉमन रेल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून दिला. गाडी झकास ओढते, पण पुढच्या महिन्यात पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आहे. एजंट म्हणतो, जुना इंजिन नंबर नव्या इंजिनच्या ब्लॉकवर (मुख्य धातूच्या सांगाड्यावर) ठोकून देतो, कुणाला कळणार नाही. गाडी अजून गॅरेजमध्येच आहे आणि निम्मे पैसे देणं बाकी आहे. माल मी स्वतःच वाहतो, दुसरा धंदा नाही. काय करू?

उत्तर: आधी एजंटला नाही म्हणा, आणि ते आजच. आत्ता तुमच्याकडून परवानगीशिवाय बदल झालेला आहे. तो निस्तरता येतो. नंबर ठोकला की प्रकरण फसवणुकीचं आणि बनावटीचं होतं, आणि त्यात एजंट नव्हे, आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) ज्याचं नाव आहे तो पहिला उभा राहतो. शिवाय घासून पुन्हा ठोकलेला नंबर न्यायवैद्यक तपासणीत उघडा पडू शकतो.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीतल्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. नियमांचा आधार घेऊन कलम ५२ ला बगल देता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तेव्हा 'सगळेच करतात' हा बचाव कुठेच टिकणार नाही.

मग इंजिन कधीच बदलता येत नाही का? येतं. याच कलमात दहा किंवा अधिक वाहतूक वाहनं असणाऱ्या मालकांना राज्य सरकार एक सवलत देऊ शकतं. त्यांना पूर्वपरवानगीशिवाय इंजिन बदलता येतं, पण ते 'त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं' असलं पाहिजे. तुमच्याकडे एकच गाडी आहे, म्हणून ही सवलत तुम्हाला नाही, पण कायद्याला काय चालतं याचं माप त्यातून कळतं. तुमचं नवं इंजिन त्याच कंपनीचं आहे, त्याच प्रकारचं नाही. २००९ च्या गाडीच्या आरसीत क्यूबिक कपॅसिटी, ताकद, इंजिन नंबर आणि उत्सर्जनाचं मानक जे लिहिलं आहे, त्यातलं बरंच काही आता गाडीत नाही. २०१७ च्या एप्रिलपासून देशभर बीएस-४ हे उत्सर्जनाचं मानक लागू झालं, म्हणजे २०१९ चं इंजिन त्या मानकाचं. ते ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), सेन्सर, वायरिंग आणि सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट मंजूर झालेलं असतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुन्या चासीत उतरवले तरी ती मंजुरी सोबत येत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्था अशी मंजुरी देतात, पण ती उत्पादकाच्या नमुना वाहनाला, एकट्या मालकाच्या गाडीला नव्हे. इंधन बदलण्यासाठी, म्हणजे सीएनजी किंवा बॅटरीसाठी, मान्यताप्राप्त किट बसवायची वेगळी वाट कलम ५२ मध्येच आहे. डिझेलवरून जास्त ताकदीच्या डिझेलवर जायला ती लागू होत नाही.

गिअरबॉक्सबद्दल लोक सहसा विचारत नाहीत, कारण त्याचा नंबर आरसीवर नसतो. तसाच गिअरबॉक्स तसाच बसवला तर ती दुरुस्ती. पण चारच्या जागी पाच गिअरचा बसवताना मागचं माउंटिंग सरकवलं का, चासीचा क्रॉसमेंबर (आडवा दांडा) कापून पुन्हा वेल्ड केला का, हे मेकॅनिकला विचारा आणि स्वतः गाडीखाली वाकून बघा. कलमाच्या स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे वाहनाच्या मूळ स्वरूपात फरक पाडणारा रचनेतला बदल. कापलेली चासी थेट त्यात बसते, आणि भरल्या गाडीत ती खरोखर धोक्याची आहे. या बाबतीत मी तुम्हाला कुठलीही पळवाट सुचवणार नाही.

गाडी आहे तशी रस्त्यावर आणली तर कलम १८२अ (४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याहून जड म्हणजे कलम ५५ (५). गाडीवरचा इंजिन किंवा चासी नंबर आरसीशी जुळत नसेल, तर तुमचं म्हणणं ऐकून घेऊन नोंदणी रद्द करायची आहे, आणि तिथे भाषा 'करू शकतो' अशी नाही. पासिंगला इन्स्पेक्टर नंबर ताडून बघणारच. विम्याच्या पॉलिसीतही तोच जुना नंबर आहे. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. आणि तुमच्या गाडीने कुणाचा जीव गेला तर मोटार अपघात न्यायाधिकरण विमा कंपनीला 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असं सांगू शकतं. ती वसुली तुमच्या घरादारावर येते.

म्हणून माझा सल्ला: जुनं इंजिन भंगारात जाण्याआधी ताब्यात घ्या. त्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर हीच तुमच्या आरसीची ओळख आहे. ब्लॉक शाबूत असेल तर बोअर करून, लायनर-पिस्टन बदलून, क्रँक ग्राइंड करून तेच इंजिन उभं करा. नंबर आणि नोंद दोन्ही तशीच राहतात. ब्लॉकच फुटला असेल तर कंपनीच्या अधिकृत डीलरकडून त्याच मॉडेलचं इंजिन बिलासह घ्या, पण बसवण्याआधी आरटीओची लेखी मंजुरी घ्या. बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून नवा नंबर आरसीत चढवून घ्या. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमतीही लागेल. पासिंगची तारीख हुकली तरी चालेल, गाडी तोवर उभी ठेवा.

बसवलेलं इंजिन कुठून आलं याचा कागद मागा: बिल, अपघातग्रस्त गाडीच्या आरसीची प्रत, विमा कंपनीने सॅल्व्हेज (मोडकी गाडी) विकल्याची पावती. मेकॅनिक टाळाटाळ करू लागला तर ते इंजिन एक दिवसही ठेवू नका. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

राहिले बाकीचे पैसे. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, गाडीवर कष्ट आणि कौशल्य लावणाऱ्या गॅरेजला मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवता येते. पण ते काम कायद्याने करण्याजोगं असायला हवं, हा तुमचा मुद्दा आहे. 'आरटीओचं मी बघतो' असं मेकॅनिक म्हणाला असेल तर ते व्हॉट्सॲपवरचे निरोप जपा. मग त्याला स्पीड पोस्टाने लिहा: नवं इंजिन काढा, जुनं परत द्या, घेतलेल्या रकमेचा हिशेब द्या. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. गाडी धंद्याची असली तरी पोटासाठी स्वतः चालवणाऱ्याला ग्राहक मानलं जातं, म्हणून माल स्वतः वाहता याचे पुरावे लावा. आयोग तुम्हालाही विचारेल की परवानगी लागते हे ठाऊक होतं का. खरं असेल तेच सांगा. आणि हा हिशेब मिटेपर्यंत उरलेली रक्कम रोखीने कुणाच्या हातात देऊ नका.