लॉकडाऊनमध्ये ठाणे-नवी मुंबईत पक्षी-प्राणी खरंच वाढले होते का, की नुसत्या नोंदी वाढल्या? (प्रोजेक्टसाठी विचारतोय)

नोंदी वाढल्या हे नक्की, आणि त्याही सगळीकडे नाही. नुसत्या नोंदी बघून पक्षी वाढले असं लिहू नका.

फ्लेमिंगोचंच घ्या. एप्रिल 2020 मध्ये नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या बाजूच्या, फ्लेमिंगोंनी गुलाबी झालेल्या पाण्याचे फोटो देशभर फिरले, सोबत माणूस घरात बसला म्हणून निसर्ग बाहेर आला वगैरे मेसेज. अहो पण ते दरवर्षी हिवाळ्यात येतात आणि मे-जूनपर्यंत असतातच, फक्त एरवी सकाळी लोकल पकडायला धावणारी माणसं तेव्हा दिवसभर खिडकीत होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. त्या वर्षी संख्या जास्त आहे असं बीएनएचएसनेही (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, पक्ष्यांचा अभ्यास करणारी संस्था) सांगितलं होतं, ते मी नाकारत नाही, पण ते मोजणी करतात, आपण फॉरवर्ड करतो.

उलट ठाण्याचं येऊर बघा. संजय गांधी नॅशनल पार्कचा भाग, गेट बंद, मॉर्निंग वॉकवाले बंद. ऐरोलीची फ्लेमिंगो दाखवायला नेणारी बोटही बंद. तिथून कोण नोंदवणार? म्हणून काय तिथले पक्षी गायब झाले?

मी तेव्हा ऐरोलीत गॅलरीतून ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट-अ‍ॅप) याद्या टाकायचो. समोरच्या शेवग्याच्या वाळक्या फांदीत तांबटाची जोडी घरटं कोरत होती, त्यातला एक आत शिरायचा, चोचीत भुसा भरून बाहेर यायचा, मान झटकून टाकायचा, परत आत, तासन् तास हेच. आता गंमत बघा, ती जोडी मी रोज नोंदवली, वरच्या मजल्यावरच्या काकूंनीही रोज नोंदवली, आणि नंतर डेटा बघणाऱ्याला वाटणार की ऐरोलीत तांबटच तांबट!

त्यामुळे एकूण आकडा सोडा. ई-बर्डवरच्या एकाच जागी थांबून केलेल्या, पूर्ण याद्याच (म्हणजे ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहिलेल्या) घ्या, 2019, 2020, 2021 चे तेच महिने, साधारण तेवढीच मिनिटं, आणि शक्यतो त्याच जागा. मग शंभरातल्या किती याद्यांमध्ये तो पक्षी आहे ते काढा. बिबट्याला मात्र हे लागू होणार नाही, त्याच्या अशा याद्याच नसतात, सगळा मामला व्हॉट्सअ‍ॅप आणि बातम्यांवर. आणि लॉकडाऊनमुळे बिबटे शहरात आले असं कुणी म्हटलं तर त्याला सांगा, ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला तो फेब्रुवारी 2019 मध्ये, लॉकडाऊनच्या आधी.