डीव्हीडी प्लेअर घेतोयस? आधी टीव्हीची पाठ बघ

अरे भावा, लॅमिंग्टन रोडला जायच्या आधी एक काम कर, टीव्हीच्या मागे एचडीएमआय पोर्ट रिकामं आहे का बघ. कारण बहुतेक विकतच्या डिस्क कॉपी प्रोटेक्शनवाल्या असतात आणि त्यांचं अपस्केलिंग, म्हणजे चित्र ताणून मोठं करणं, एचडीएमआयवरूनच मिळतं, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीवर तर विसरूनच जा.

आणि दुकानदार '१०८०पी, एकदम ब्लू-रे सारखं' म्हणाला तर नुसतं हसायचं. आपल्याकडच्या पॅल (आपली टीव्हीची पद्धत) डिस्कवर चित्र असतं ७२० बाय ५७६ चं, प्लेअर ते ताणून १९२० बाय १०८० करतो, मधले पिक्सेल अंदाजाने भरतो, नवीन डिटेल येणार कुठून? खरा फरक डीइंटरलेसिंगमध्ये दिसतो, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं जोडून एक पूर्ण चित्र करण्यात. म्हणून घरची एखादी नाटकाची डिस्क सोबत ने, दुकानात लावायला सांग, आणि कुणी हात हलवला की काठावर कंगव्यासारखे दाते दिसतात का ते बघ. दिसले तर पुढचं मॉडेल.

चित्र ताणायचं काम तुझा टीव्हीही करतोच हां, आणि टीव्ही चांगला असेल तर कधीकधी प्लेअरपेक्षा बरं करतो. मी घरी प्लेअर ५७६पी वर (म्हणजे न ताणता) ठेवून आणि मग १०८०पी वर, असं दोन्ही करून बघितलं, शेवटी ५७६पी वरच ठेवला, बायकोला तर काही फरकच कळला नाही.

परदेशातून डिस्क येत असतील तर प्लेअरचा रीजन, म्हणजे कुठल्या भागातल्या डिस्क चालतील तो नंबर, विचार, आपला ५ आहे. केबल मात्र साधी घे, सोन्याचा मुलामा वगैरेला पैसे घालू नको, त्यापेक्षा स्पीकरला घाल.