१.० का १.५ टर्बो?

प्रश्न: दादा, मी खानापूरचा, फोक्सवॅगन व्हर्टस घ्यायचा विचार करूलालोय, रोज बेळगावला जाणं-येणं आणि महिन्यातनं दोनदा चोर्ला घाटातनं गोवा, तर १.० टीएसआय (एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन) घेऊ का दीड लिटरचं १.५?

उत्तर: भावा, रोजच्या येण्याजाण्याला १.० भरपूर झालं, तीन सिलिंडर, ११५ पीएस ताकद, १७८ एनएम ओढ (टॉर्क). पण चोर्ल्याच्या चढाला चार माणसं, सामान, एसी चालू आणि वळणावर रेव्ह (इंजिनचे फेरे) पडले की टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) भरेपर्यंत गाडी दमते, तिथं १.५ चे २५० एनएम खरंच कळतात, ओव्हरटेकला जीव टांगणीला लागत नाही. शिवाय हलक्या पायानं चालवलीस तर ती चारपैकी दोन सिलिंडर बंद करून पेट्रोल वाचवते. बजेट बसत असेल तर माझं मत १.५ च. आणि घाट चढून थांबलास की लगेच बंद करू नको, मिनिटभर आयडलवर (रेस न देता नुसती चालू) ठेव, टर्बो थंड होऊ दे.